हूत आणि हुत

1853 साली निजामाने वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या कारभारात सोपविला, आणि तेव्हापासून कचेरीच्या दफ्तरांतून व शाळेच्या पुस्तकांतून जे शब्द अकोल्या-अमरावतीच्या लोकांच्या कानी पडू लागले, त्यांत ‘गॉड’ हा परका वाटणारा शब्द वस्तुतः आपल्या यज्ञवेदीचा दूरचा गोत्रज आहे. ‘गुड’ म्हणजे चांगला, या शब्दाशी त्याचे नाते जोडण्याची वहिवाट आहे. तिला आधार नाही. जर्मन ‘गॉट’, चौथ्या शतकात उल्फिलाने बायबलाचा तर्जुमा ज्या गॉथिक भाषेत केला तिच्यातील ‘गुथ’, आणि त्यांच्यामागे भाषाशास्त्रज्ञांनी अनुमानाने उभे केलेले एक नपुंसकलिंगी धातुसाधित, अशी त्याची वंशावळ आहे. त्या मूळ रूपाच्या अर्थाविषयी मात्र वाद आहे. एक पक्ष ‘ह्वे’ धातूकडे पाहून ‘ज्याला हाक मारली ते’, म्हणजे आपले ‘हूत’, असा अर्थ करतो आणि ऋग्वेदातील इंद्राचे ‘पुरुहूत’ हे विशेषण साक्षीला आणतो. दुसरा पक्ष ‘हु’ धातूचा आश्रय करून ‘ज्याला आहुती दिली ते’, म्हणजे ‘हुत’, असे म्हणतो.

कोणताही पक्ष घेतला तरी ‘देव’ शब्द जसा प्रकाशणाऱ्याचे वर्णन करतो तसे काहीही ‘गॉड’ शब्द करीत नाही. तो केवळ उपासकाच्या कृतीची नोंद ठेवतो. श्रावणातल्या अखेरच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी खांद्यावर घेऊन ‘हर्र बोला महादेव’ गर्जत येणारे कावडधारी अकोल्याच्या राजराजेश्वराला अभिषेक करतात, तेव्हा हाक व आहुती निराळ्या काढताच येत नाहीत. तरीही माझा कौल हाकेला आहे. कारण संबोधनावाचून ओतलेले पाणी हे केवळ सांडलेले पाणी होय.

यावर अद्वैती विचारील, हाक मारणारा आणि ऐकणारा असे दोन मानल्यावाचून हा शब्द उभा राहील काय? या शंकेचा विचार माधानच्या गुलाबराव महाराजांनी (1881–1915) आपल्या ‘मधुराद्वैता’त केला आहे. तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या आणि ज्ञानेश्वरांना पिता मानून स्वतःला त्यांची कन्या म्हणविणाऱ्या या प्रज्ञाचक्षू पुरुषाच्या मते ज्ञानाने भेद मावळला तरी भक्ती मावळत नाही, कारण ती भेदावर मुळी अवलंबूनच नसते. हे मान्य केले म्हणजे ‘हूत’ हा अर्थ द्वैताचा दस्तऐवज ठरत नाही, आणि ज्या नपुंसकलिंगाने आपण ‘ब्रह्म’ म्हणतो त्याच लिंगात ‘गॉड’चे मूळ रूप बोलणाऱ्या प्राचीन लोकांनी आपल्या उपास्याला हाक मारली, याचे नवलही वाटत नाही.