अक्कलदाढ आणि दुसऱ्याचे दुखणे

'अक्कल' हा शब्द अरबीतून मराठीत आला आणि असा रुळला की तो बाहेरचा आहे असे सांगितले तर कोणाला पटणार नाही. अरबी, लॅटिन, मराठी अशा दूरदूरच्या भाषांनी तोंडातल्या शेवटच्या दाढेचे नाते शहाणपणाशीच जोडले आहे. ती साधारणपणे सतरा ते पंचविसाव्या वर्षाच्या दरम्यान येते, म्हणजे माणसाला समज येण्याच्या वयात. मला मात्र थोडी अक्कल आली ती माझी दाढ आल्यावर नव्हे, तर बायकोची दाढ निघाल्यावर.

आमचे आसगाव पवनी तालुक्यातले, धानाचे गाव. मागच्या पावसाळ्यात रोवणी सुरू असताना तिची खालची दाढ दुखू लागली. जबड्यात जागा पुरली नाही की ही दाढ आडवी होऊन अडकते, अर्धीच वर येते, तिच्यावरच्या हिरडीखाली अन्न साचते आणि सूज येते. हे मला नंतर कळले. तेव्हा तिने लवंग धरली, गोळी घेतली आणि बांधीत उतरली. विचारले की म्हणायची, "काही नाही, थोडं दुखतंय." मी ते मानले. मानणे माझ्या सोयीचे होते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या मुलाचा दात दुखला होता. त्याने घर डोक्यावर घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने मी त्याला भंडाऱ्याला नेले. त्याच्या आईला त्याच गाडीत बसायला अडीच महिने लागले. दोघांत फरक दुखण्याचा नव्हता, आवाजाचा होता.

दाढ काढली. डॉक्टरांनी नीट समजावले : कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरा, आज चूळ भरू नका, थुंकू नका, नळीने ओढून काही पिऊ नका. खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते, तिच्याखालीच जखम भरते. ती निसटली तर आतले हाड उघडे पडते. उद्यापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच गुळण्या करा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढेल, मग उतरेल.

सूज उतरली. मी निश्चिंत झालो. बायका भेटायला येत, ती त्यांना चहा करून देई आणि स्वतः भाताची पेज पिई. पाचव्या रात्री जाग आली तेव्हा ती अंगणात रांजणाला गाल टेकवून बसली होती. दुखणे तिसऱ्या दिवसापासूनच वाढत होते, कानापर्यंत जात होते. गुठळी निसटली होती. "सांगितलं का नाही?" असे मी रागावूनच विचारले. ती म्हणाली, "सांगितलं होतं. थोडं दुखतंय म्हणाले होते."

हे उत्तर मला आजही छळते. तिने खरेच सांगितले होते. तिच्या 'थोडं'चा अर्थ लावणे माझे काम होते आणि ते मी केले नाही.

दुसऱ्याचे दुखणे आपल्याला दिसत नाही, दिसतो तो फक्त चेहरा, ऐकू येते ते कण्हणे. या खुणा फसवतात. अमेरिकेतले दंतवैद्य होरेस वेल्स यांनी 1844 साली नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. दुखले नाही. 1845 साली त्यांनी बोस्टनमध्ये लोकांसमोर प्रयोग केला तेव्हा दात काढताना रुग्ण ओरडला आणि जमलेल्यांनी वेल्स यांची हुर्यो उडवली. फारसे दुखले नाही, असे तो रुग्ण नंतर म्हणाला, पण लोकांनी त्याच्या शब्दापेक्षा त्याच्या ओरडण्यावर विश्वास ठेवला होता. आमच्या घरी उलटे झाले. ओरडणे नव्हते म्हणून दुखणेच नाही असे ठरले. चूक एकच : ज्याचे दुखणे, त्याला साक्षीदार न मानण्याची. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा माणूस दुखते म्हणाला तर त्याच्या म्हणण्याचा मान राखावा, असे तिच्यासोबत स्पष्ट नोंदवले.

आपल्या घरांत यावर एक तयार उत्तर असते : सब्र. बाईने सब्र करावा. पण सब्राचा आदर्श म्हणून आपण ज्यांचे नाव घेतो त्या हजरत अय्यूबांनी आपले दुखणे अल्लाहला बोलून दाखवले होते आणि तरीही कुरआन त्यांना सब्र करणाराच म्हणते. म्हणजे सब्र आणि मौन एक नव्हेत. शिवाय सब्र हा ज्याने त्याने स्वतःपुरता करायचा असतो. मी माझ्या दुखण्यावर केला तर तो गुण. दुसऱ्याकडून मागितला तर ती माझी सोय, आणि तिला धर्माचे नाव दिले तर लबाडी.

कोणी म्हणेल, प्रत्येक कुरकुरीवर गाडी पकडून शहरात धावायचे का? ऐपत नसते, शेती थांबत नाही. खरे आहे. पण विश्वास ठेवायला पैसे लागत नाहीत. गाडी उद्या पकडता येईल, 'तुला दुखतंय हे मला मान्य आहे' हे आज म्हणता येते. त्या अडीच महिन्यांत मी एवढेही म्हटले नव्हते.

डॉक्टरांनी खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरली. तिला वास ओळखीचा वाटला : लवंगेचे तेल. ती हसायला गेली, तोंड पुरते उघडेना. आठवडाभरात ती बरी झाली. आता ती "थोडं" म्हणाली की मी हातातले काम ठेवतो आणि विचारतो, थोडं म्हणजे किती? पहिल्यांदा विचारले तेव्हा ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने सांगायला सुरुवात केली, आणि त्यात दाढेचे फार थोडे होते.