तुळशीला पाणी लागले

॥ रामकृष्णहरि ॥

वारकरी सज्जनहो, गळ्यात तुळशीची माळ आणि दारात तुळशीचे वृंदावन, या दोन खुणांवरून आपले घर ओळखावे. जिला तुलना नाही ती तुलसी, अशी व्युत्पत्ती जुने शास्त्री सांगत. आयुर्वेदात हिलाच 'सुरसा' म्हटले आहे. हे माहात्म्य आम्ही कीर्तनात पुष्कळ वर्षे सांगितले. पण तुळस जगवावी कशी, हे मात्र आम्हांस ठाऊक नव्हते.

आमचे घर गंगाखेड तालुक्यात. एका श्रावणात दारची तुळस पिवळी पडली. खालची पाने गळाली, शेंड्यांनी माना टाकल्या. घरात कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणाले, दृष्ट लागली. कोणी म्हणाले, विटाळात कुणाचा तरी हात लागला असेल. आणि सगळ्यांचे डोळे धाकट्या सूनबाईकडे वळले. ती पोर खाली मान घालून उभी राहिली. त्या वेळी आम्ही तिची बाजू घ्यावयास हवी होती. आम्ही उलटेच बोललो, "जरा शिवाशिव पाळत जा."

दोन दिवसांनी आमच्या शेतातला जुना सालगडी आला. त्याने रोप अलगद उपटून पाहिले. मुळ्या काळ्या पडलेल्या, लिबलिबीत, कुजका वास येणाऱ्या. तो म्हणाला, "महाराज, हिला इटाळ न्हाई लागला. पाणी लागलंय."

मग आम्ही हिशेब केला. स्नानानंतर आमचा एक तांब्या, आमच्या मंडळींचा एक, तीन सुनांचे तीन. वरून श्रावणाचा पाऊस. आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते, आणि वृंदावनाच्या बुडाला भोकच नव्हते. पाच जणांनी पुण्य जोडले आणि तुळस बुडवली! आम्ही सर्वांसमक्ष म्हणालो, "पोरी, चूक आमची. तुझा काही दोष नाही." ती काही बोलली नाही. नव्या रोपासाठी माती मात्र तिनेच कालवली.

येथे कोणी शंका घेईल की, भाव शुद्ध असला म्हणजे झाले, खतामातीचा विचार कशाला? सज्जनहो, संत जनाबाई याच गंगाखेडच्या. नामदेवरायांच्या घरी त्यांनी दळण-कांडण केले, शेणी वेचल्या, आणि त्याच कामात नाम घेतले. नाम घेते म्हणून दळण जाडेभरडे ठेवले, असे कोणी ऐकले आहे काय? जिची सेवा करायची तिला काय हवे ते ओळखणे, ही सेवेची पहिली पायरी.

तेव्हा इतके करावे. वृंदावनाच्या बुडाला भोक ठेवून त्यावर खापरीचे तुकडे घालावेत. दोन वाटे माती, एक वाटा वाळू, एक वाटा चांगले कुजलेले शेणखत घ्यावे. मृगाचा पाऊस पडला की वाळलेल्या मंजिरीतले बी वर भुरभुरावे. ते बारीक असते, खोल पुरू नये. आठ-पंधरा दिवसांत उगवते. पाणी घालण्याआधी मातीत बोट घालून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. पावसाळ्यात बहुधा लागतच नाही, हिवाळ्यात दोन-तीन दिवसांनी पुरते. वैशाखात आपल्या परभणीकडे पारा ४२ अंशांच्या वर जातो, तेव्हा रोज सकाळी पाणी आणि दुपारी सावली द्यावी. घरातल्या सर्वांना पाणी घालण्याची हौस असेल तर वार वाटून घ्यावेत. इतरांनी नमस्कार करावा.

मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडाव्यात. सगळे बळ बियांत गेले की झाड खंगते. एकादशी-द्वादशीस खुडू नये, ही रीत ज्यांच्या घरी आहे त्यांनी दशमीलाच खुडून ठेवावे. दूध मुळात ओतू नये, ते आंबते. हळदकुंकू वृंदावनाला लावावे, खोडाला नको. दिवा पानांना धग लागणार नाही इतका दूर ठेवावा. तुळस काही वर्षांनी थकतेच. ती वाळली तर कुणावर बोल ठेवू नये. जाड काष्ठ असेल तर त्याचे मणी करावेत.

शेगावची श्रीगजानन महाराजांची पालखी परभणी-गंगाखेडवरून पंढरीस जाते. तुम्ही-आम्ही दिंड्यांतून चालतो, तेव्हा डोईवर तुळस घेतलेली माउली जरा पाहा. मुक्कामाला टेकली की ती आधी मातीला हात लावते, मग ओंजळीने बेताचे पाणी घालते. जिच्या डोक्यावर ओझे आहे, तिला माप कळते. आम्हांला ते उतारवयात कळले, आणि तेही एका निरपराध पोरीला बोल लावून झाल्यावर.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!