सेलचोर

आमच्या गावात तेव्हा एकच किराणा दुकान होतं. दुकानदाराला सगळं गाव अण्णा म्हणायचं. सातवीत असताना माझ्या जोडीदारानं तिथून बॅटरीचे दोन सेल उचलले. त्याच्या घरचा रेडिओ महिनाभर मुका पडला होता. मी ओट्यावर उभा राहून कोण येतंय का ते बघत होतो. तो सापडला. मी पळालो.

अण्णांनी त्याला पारावर नेऊन पिंपळाला बांधलं. बघायला पोरं जमली, त्यांत मीही. त्याचा बाप रानातनं धावत आला, आधी अण्णांच्या पाया पडला, मग पोराला बडवलं. "संगं कोन व्हतं?" कुणीतरी दरडावलं. त्यानं एकवार माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "कोन न्हाई. मी एकलाच."

सेल परत गेले, पण नाव चिकटलं. कुणाची कोंबडी हरवली तरी बोट त्याच्याच घराकडं जायचं. आठवीत त्यानं शाळा सोडली. मी शिकलो, मास्तर झालो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला पंधरा वर्षांचा पोरगा तालुक्याच्या दुकानात इयरफोन खिशात घालताना सापडला. मालक तापला होता. "मास्तर, कॅमेऱ्यात सगळं आलंय. आत्ता ग्रुपवर टाकतो. आमचं रोज असंच जातंय, ते कुणी भरून द्यायचं?" त्याचं चुकीचं नव्हतं. छोट्या दुकानाचा नफा तो किती!

साध्या कपड्यातले पोलीस आले आणि त्या दिवशी मला कायदा कळला. बाल न्याय अधिनियम 2015 प्रमाणे अठराच्या आतल्या मुलाला कोठडी नाही, बेडी नाही. चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा असली, तरी मुलाच्या बाबतीत तो किरकोळ अपराध. गुन्हा दाखल न करता डायरीत नोंद होते, घरच्या परिस्थितीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडं जातो. मंडळ समज देतं, समुपदेशनाला पाठवतं, समाजसेवा लावतं. पुढं नोकरीत तो डाग आडवा येऊ नये, असंही कायदा सांगतो. आणि मुलाचं नाव, चेहरा जाहीर करणाऱ्यालाच सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे ऐकल्यावर मालकानं मोबाइल खिशात ठेवला. मंडळानं पोराला आईसमोर समज दिली. पुढं तो दहावी पास झाला.

म्हणजे चोरी मोकळी सोडायची का? नाही. मालकाचा माल परत मिळाला पाहिजे, पोरानं चूक कबूल केली पाहिजे. पण शिक्षेला शेवट हवा. मंडळाची शिक्षा संपली. पाराची शिक्षा माझा जोडीदार अजून भोगतोय. पन्नाशी उलटली तरी मागं त्याला "सेलचोर" म्हणतात.

आणि पहारा करणारा? कायद्यानं तोही वाटेकरीच. पण मला कुणी बांधलं नाही, म्हणून मी मास्तर झालो. आम्हा दोघांत फरक होता तो एवढाच.

गेल्या दिवाळीत पारावर त्याला म्हटलं, "तवा मी बोलाया पायजे हुतं." तो तंबाखू मळत हसला. "दोघं बांधलं असतं रं. त्यानं कुणाचं भलं झालं असतं?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. पण त्या दिवशी पारावर चौघंजण बसले होते. त्यांच्यासमोर मी ते पहिल्यांदा मोठ्यानं सांगितलं, की सेल चोरणारे आम्ही दोघं होतो.