अर्थ आणि अनर्थ

आमचे अण्णा गिरणीत वायरमन होते. त्यांच्या खात्यातल्या माणसांना 'अर्थिंग' हा पुरा शब्द उच्चारायला सवड नसे. ते नुसते 'अर्थ' म्हणत. 'ह्या मोटरीला अर्थ आहे का रे?' 'कार्डिंग खात्यातला एक अर्थ तुटलाय, उद्या जोडू,' अशी वाक्ये ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. शाळेत गुरुजी कवितेचा अर्थ विचारीत आणि घरी जेवताना अण्णा मोटरीच्या अर्थाविषयी बोलत. दोन्ही अर्थ एकच असावेत, अशी माझी कित्येक वर्षे प्रामाणिक समजूत होती. आता चाळिशी उलटून काही वर्षे झाली आहेत. मुलांना शिकवण्यात आणि कादंबऱ्या लिहिण्यात आयुष्य चालले आहे. आणि ती बालिश समजूत अगदीच चुकीची नव्हती, असे अलीकडे वाटू लागले आहे.

दिवाळीच्या फराळाबरोबर तारा आणि मोटरी कशाला वाढता, असे वाचक म्हणतील. पण थोडा धीर धरावा. मला सांगायचे आहे ते विजेविषयी फार थोडे आणि माझ्या एका अपराधाविषयी जास्त आहे.

अण्णांची गिरणी परळातली. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांतले ते एक. पुढे गिरणी अर्धीमुर्धी चालू झाली तेव्हा त्यांना परत घेतले गेले. मी आठ-नऊ वर्षांचा असताना सुट्टीच्या दिवसांत त्यांचा डबा पोचवायला जाई. मे महिन्याच्या भर दुपारी एकदा पाहतो तो अण्णा हातात पाण्याची बादली घेऊन गिरणीच्या भिंतीकडेला उभे. तिथे सिमेंटची लहानशी चौकट होती, तीवर लोखंडी झाकण. झाकण उचलून ते एका नळीत सावकाश पाणी ओतत होते. आजूबाजूला एक झाड नाही, रोप नाही.

"अण्णा, कशाला पाणी घालता?"

"अर्थाला," ते म्हणाले. "तहान लागते त्याला उन्हाळ्यात."

मग त्यांनी समजावून सांगितले. खाली माणूसभर खोल खड्ड्यात दोन-दोन फूट लांबीरुंदीचा धातूचा पत्रा उभा पुरलेला असतो. त्याच्याभोवती कोळसा आणि मीठ यांचे थर. त्या पत्र्यापासून निघालेली पट्टी गिरणीतल्या प्रत्येक मोटरीच्या अंगाला जोडलेली. मोटर धड असली, तर त्या पट्टीतून काहीच वाहत नाही. पण कधी आतल्या तारेवरचे वेष्टन झिजले आणि विजेची तार मोटरीच्या लोखंडी अंगाला टेकली, तर वीज त्या पट्टीच्या वाटेने एवढ्या लोंढ्याने धावते की फ्यूज वितळतो आणि मोटर बंद पडते. पट्टी नसली तर मोटर काहीच झाले नसल्यासारखी चालू राहते. मात्र तिचे अंग विजेने भरलेले असते, आणि पहिला जो माणूस तिला हात लावील तोच त्या विजेची वाट होतो. ही पट्टी उपयोगी पडायची तर जमीन ओलसर हवी. कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही. म्हणून उन्हाळ्यात पाणी.

माणसाला मारायला वीज किती लागते हे पाहिले तर अंगावर काटा येतो. आपल्या घरात पूर्वी जळे तो साठ वॅटचा पिवळा दिवा सुमारे पाव अँपिअर वीज घेई. त्याच्या आठव्या-नवव्या हिश्शाइतकी वीज छातीतून थोडा वेळ गेली, तरी हृदयाचा ठोका चुकू शकतो.

आमच्या या भागात वीज गिरण्यांसाठीच मोठ्या प्रमाणावर आली. 1915 साली टाटांचे खोपोलीचे वीजघर सुरू झाले. लोणावळ्याच्या तलावांत साठवलेले पावसाचे पाणी घाटाखाली उतरू लागले, आणि त्याच्या जोरावर मुंबईच्या गिरण्या फिरू लागल्या. त्याआधी वाफेचे एक मोठे इंजिन आणि त्यावरून निघालेले पट्टे असत. विजेने हळूहळू प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर दिली. म्हणजेच जिथे जिथे माणसाचा हात तिथे तिथे वीज जाऊन बसली. पुढे 1956 च्या वीज नियमांनी प्रत्येक स्थिर मोटरीच्या अंगाला जमिनीशी जोडण्याची सक्ती केली. आणि तीही एका जागी नव्हे, दोन स्वतंत्र आणि वेगवेगळ्या जोडण्यांनी.

ही 'दोन' मला फार विलक्षण वाटते. एक जोडणी पुरेशी असते. पण ती तुटली तर कोणाला कळणार? दिवा विझला तर लगेच कळते, पंखा थांबला तर घरभर आरडाओरडा होतो. अर्थ तुटला तर काहीच होत नाही. दिवे जळतात, यंत्रे फिरतात, मालक खूश असतो. जी वस्तू नसल्याचे अपघाताखेरीज कोणी सांगत नाही, तिच्याविषयी माणूस निष्काळजी होणार, हे नियम करणाऱ्याला ठाऊक होते. त्याने मनुष्यस्वभावावर भरवसा ठेवला नाही, म्हणून दुसरी पट्टी.

गिरणीत आणखी एक गोष्ट असे. पाण्याचे नळ, लोखंडी खांब, जिने, यंत्रांचे सांगाडे हे सगळे एकमेकांना पट्ट्यांनी बांधलेले असत. याचे कारण विचारले तेव्हा अण्णांनी तारेवरच्या कावळ्याकडे बोट दाखवले. "त्याला का धक्का बसत नाही? त्याचे दोन्ही पाय एकाच पातळीवर आहेत म्हणून. धक्का विजेचा नसतो, तफावतीचा असतो." एका हाताला नळ आणि दुसऱ्या हाताला यंत्र लागले, तर दोघांत तफावत असता कामा नये, म्हणून सगळ्यांना एकत्र बांधायचे. 1907 पासून 1964 पर्यंत मुंबईत विजेची ट्राम धावत होती. तिची वीज वरच्या तारेतून येई आणि चाकांतून रुळांत उतरून परत जाई. त्या रुळांवरून अनवाणी माणसे खुशाल रस्ता ओलांडीत, कारण रूळ जमिनीच्या पातळीशी जवळजवळ एक झालेले असत. शिवडीकडे तेलाचे टँकर भरताना-उपसताना आधी त्यांना तारेने जमिनीशी बांधलेले मी पाहिले आहे. वाहत्या तेलाच्या घर्षणाने अंगावर वीज साचते आणि एक ठिणगी पुरे होते.

आता माझी गोष्ट.

मी ज्या शाळेत शिकवीत होतो तिथे पाणी चढवायचा एक पंप होता. किरकोळ दुरुस्त्यांचा हिशेब माझ्याकडे होता. एका एप्रिलमध्ये तारकाम करणारा माणूस तपासून म्हणाला, "सर, पंपाचा अर्थ गेलाय. पट्टी गंजून तुटलीय, खड्डाही कोरडा ठणठणीत. नवा करायला हवा." त्याने खर्च सांगितला. त्याच महिन्यात स्नेहसंमेलनाच्या रंगमंचाचा पडदा फाटला होता. दोन्हींना पैसे पुरणार नव्हते. मी पडदा घेतला.

वायरमनच्या मुलाने हे केले, हे मुद्दाम सांगतो. मला माहीत नव्हते असे म्हणायची सोय मला नाही. पडदा सर्वांना दिसणार होता, आणि जमिनीखालचा पत्रा कोणालाच दिसणार नव्हता. पंप चालत होता. पावसाळ्याआधी करू, असे मनाशी म्हटले. मग पावसाळा आला.

जुलैमधल्या एका सकाळी शिपाईमामा पंपाजवळची ओली जागा झाडीत होते. झाडू मुठीत होता, म्हणून पंपाला त्यांच्या हाताची मागची बाजू लागली. विजेने स्नायू आखडले आणि हात आपोआप पंपापासून दूर ओढला गेला. मामा मागे कोसळले, मनगट मोडले, पण जगले. तळहात लागला असता तर तेच स्नायू आखडून मूठ पंपाभोवती घट्ट मिटली असती. मामांच्या जिवाचा फैसला हाताच्या कोणत्या बाजूवर झाला, हे आठवले की अजूनही मला झोप लागत नाही.

शाळेच्या नोंदवहीत त्या दिवशी 'ओल्या फरशीवरून पाय घसरून पडले' असे लिहिले गेले. अक्षर माझेच होते.

माझे एक वकील स्नेही आहेत. त्यांना मी ही हकिकत सांगितली तेव्हा ते म्हणाले, "मनगटच मोडले ना? मग मनगटापुरते वाईट वाटून घ्या. जे घडलेच नाही त्याचा दोष कशाला ओढवून घेता? अशाने जगातला प्रत्येक माणूस खुनी ठरेल." त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. कायद्याला घडलेलेच मोजावे लागते. माणूस मेला तर एक शिक्षा, मनगट मोडले तर दुसरी. त्यावाचून न्यायालये चालायची नाहीत.

पण मी माझ्याशी हिशेब करायला बसतो तेव्हा हे माप मला पुरत नाही. मामांचा तळहात लागला असता तरी मी एप्रिलमध्ये केले ते तेच असते. तोच पडदा, तोच विचार, तीच टाळाटाळ. झाडू कोणत्या हातात, कसा धरला होता यावर माझा चांगलेपणा कसा अवलंबून राहील? मामा वाचले हे मामांचे दैव, आणि त्याबद्दल मी देवाचे आभार मानतो. पण त्यांच्या दैवाच्या आड मी माझा अपराध लपवू शकत नाही. आणि मग दुसरा, अधिक अवघड विचार येतो. मामांना काहीच झाले नसते, पंप वर्षानुवर्षे तसाच सुखरूप चालला असता, तर मी आज स्वतःला सज्जन समजत असतो. असे किती तुटलेले अर्थ माझ्या आयुष्यात असतील, ज्यांना अजून कोणाचा हात लागलेला नाही?

अण्णा तेव्हा हयात होते. मी त्यांना सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे वाटले असते. बराच वेळ गप्प बसून त्यांनी एकच विचारले, "वहीत काय लिहिलंस?" मी सांगितले. ते म्हणाले, "पट्टी तुटली ती गंजाने. ही दुसरी मात्र तू हाताने तोडलीस."

दोन महिन्यांनी मी मामांच्या खोलीवर गेलो. हाताचे प्लास्टर निघाले होते. मी पडद्याची आणि खड्ड्याची गोष्ट सांगितली. मामा खाली बघत म्हणाले, "सर, तुटलेली पट्टी मला रोज दिसत होती. मी तरी कुठं बोललो?" त्यांनी मला धीर देण्यासाठी म्हटले हे उघड होते. पण दोष वाटून घेतल्याने माझा वाटा अर्धा होत नाही. ज्याच्या हाती पैसे होते त्याचा दोष आणि ज्याच्या हाती झाडू होता त्याचा, यांत फरक आहे. कावळ्याचे दोन पाय एका पातळीवर असतात. मामा आणि मी नव्हतो. ती तफावतच त्यांना भोवली. मी बोललो असतो तर सूचना झाली असती. ते बोलले असते तर तक्रार ठरली असती.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांना लेखी कळवले की नोंद खोटी आहे आणि ती मी लिहिली आहे. वहीत नवी नोंद झाली. मामांच्या बुडालेल्या दिवसांचा पगार मी भरला. हिशेबाचे काम माझ्याकडून काढून घेण्यात आले, ते योग्यच होते. पंपाला नवा खड्डा झाला, आणि पट्ट्या दोन बसल्या. यात मोठेपणा काही नाही. हे सर्व एप्रिलमध्ये एका पडद्याच्या किमतीत झाले असते.

आमच्या वाड्याचे नाव भोयांवरून. भोई म्हणजे पालखी वाहणारा. पालखीत बसलेल्याला वाटचालीत भोई दिसत नाही. खांदा निसटला तरच त्याची आठवण होते. जगाचा पुष्कळसा चांगुलपणा असाच आहे. तो चालू असताना त्यातून काहीच वाहताना दिसत नाही. खरे बोलणे, दिलेली वेळ पाळणे, कोणी पाहत नसताना काम नीट करणे, या गोष्टींनी रोजच्या दिवसाला प्रकाश येत नाही. त्या फक्त भलत्या दिवशी भलती वीज मुकाट्याने जमिनीत नेऊन सोडतात. ज्या दिवशी त्या नसतात त्या दिवसाला आपल्या भाषेने किती नेमका शब्द ठेवला आहे! अर्थ नाही, तो अनर्थ.

अण्णा गेले. चाळीच्या गॅलरीत या दिवाळीतही आकाशकंदील लागतील. लोखंडी कठड्यावरून दिव्यांच्या माळा सुटतील. माळेची तार कुठे सोललेली नाही ना, हे मी पोरांबरोबर बोटभर बोटभर पाहून घेतो. पोरांना कंटाळा येतो. त्यांच्या तीन दांड्यांच्या प्लगमधली वरची दांडी दाखवून मी विचारतो, "ही बाकीच्या दोघींपेक्षा लांब का?" आत जाताना ती सर्वांत आधी जोडली जाते आणि बाहेर येताना सर्वांत शेवटी सुटते, म्हणून. पोरे मान डोलावतात आणि फटाक्यांकडे पळतात.

आणि मे महिन्यात, शाळेला सुट्टी असली तरी, मी एक बादली पाणी घेऊन पंपाजवळ जातो. आता ते काम माझ्याकडे नाही. पण मला कोणी अडवीतही नाही.