यंत्र आपलं, ड्रायव्हर कुणाचा?

(संयुक्त अरब अमिरातीतलं खोर फक्कान. कंटेनर बंदराजवळचं लहानसं ऑफिस. मामा इथे मालाच्या खोक्यांसाठी लेबलं छापून देतात. भाचा पुण्याहून सुट्टीवर आलेला प्रोग्रॅमर.)

भाचा : मामा, प्रिंटर ठणठणीत आहे. कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाच्या आज्ञा प्रिंटरपर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम, तेवढा नव्या विंडोजवर चालत नाही.

मामा : कंपनी म्हणते, नवं मॉडेल घ्या.

भाचा : त्यापेक्षा ड्रायव्हर मीच लिहितो. जुन्या संगणकावरून आधी कोरं लेबल छापायचं, मग एकच रेघ असलेलं. यूएसबीवरून काय गेलं त्याच्या दोन्ही नोंदी ताडून पाहायच्या. फरक पडेल तिथे रेघेची आज्ञा.

मामा : आणि तेवढ्याने भागलं नाही तर?

भाचा : तर त्यांचा ड्रायव्हर उलगडून (डीकंपाइल करून) वाचायचा. आपल्या भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातच ही मुभा आहे, कलम ५२मध्ये. अटी तीन : प्रोग्रॅम रीतसर मिळालेला हवा, हवी ती माहिती एरवी सहज मिळणारी नसावी, आणि आपला प्रोग्रॅम स्वतंत्रपणे लिहिलेला हवा.

मामा : पण लायसन्समध्ये ‘उलगडू नये’ असं होतं आणि मी ‘मान्य’ दाबलं. दिल्या शब्दाचं काय?

भाचा : दुसरा पर्यायच न ठेवता घेतलेला शब्द तो! युरोपने १९९१च्या निर्देशातच ठरवलं, की दोन प्रोग्रॅमांच्या सुसंगतीसाठी लागेल तेवढं उलगडणं करारानेही रोखता येणार नाही.

मामा : आपल्या कायद्यात असं लिहिलंय?

भाचा : इतकं स्पष्ट नाही.

मामा : शिवाय मी राहतो अमिरातीत. इथे कॉपीराइटसाठी २०२१चा ३८ क्रमांकाचा कायदा. पुण्यातली मुभा इथे दाखवून कसं भागेल? देश तसा वेश.

भाचा : म्हणजे तीच कृती पुण्यात रास्त आणि इथे गैर?

मामा : रास्त असेलही. पण रास्त असणं वेगळं आणि कोर्टात टिकणं वेगळं.

भाचा : टिकलंय की! अमेरिकेत सेगा या व्हिडिओ गेम कंपनीने अ‍ॅकोलेड कंपनीला कोर्टात खेचलं. सेगाच्या यंत्रावर आपले खेळ चालावेत म्हणून अ‍ॅकोलेडने तिचे प्रोग्रॅम उलगडले होते. १९९२मध्ये अपील कोर्ट म्हणालं, दुसरा मार्ग नसेल आणि हेतू रास्त असेल, तर हा वाजवी वापर.

मामा : ती कंपनी होती, वकील लावून लढली. मी व्हिसावरचा माणूस, माझ्याने ते झेपायचं नाही. आणि ज्यांनी तो ड्रायव्हर लिहिला, त्यांच्या मेहनतीचं काय?

भाचा : त्यांनी लिहिलेली ओळ त्यांचीच. पण कुठल्या आज्ञेने रेघ उमटते, ही त्यांची मालमत्ता कशी?

मामा : पटलं. मग यूएसबीवरच्या नोंदी खुशाल घे, ड्रायव्हरच्या फाइलला हात लावू नकोस. कंपनीकडे आज्ञांची यादी लेखी माग आणि ते पत्र जपून ठेव. इथल्या वकिलाचा होकार येईपर्यंत तुझा ड्रायव्हर या ऑफिसात चालवायचा नाही.

भाचा : आणि कंपनीने नाही म्हटलं तर?

मामा : तर पुढचं यंत्र तिचं नाही. घेताना भाव विचारतो, वॉरंटी विचारतो. आज्ञांची यादी मिळेल का, हेही पैसे मोजण्याआधीच विचारायला हवं.