तीन मापें पीठ

(शास्त्रभाग : मत्तय १३:३३)



प्रभूनें स्वर्गाच्या राज्यास ज्या खमिराची उपमा दिली, तें खमीर म्हणजे दुकानांत डब्यांतून मिळणारी पूड नव्हे. तशी पूड त्या काळीं कोणास ठाऊक नव्हती. त्या देशांतील गृहिणी मागल्या खेपेच्या कणकेचा एक आंबट गोळा राखून ठेवी व तोच नव्या पिठांत घाली. आपल्या घरांतील विरजणासारखीच ही गोष्ट आहे. कालचें चमचाभर दहीं शिल्लक नसेल, तर आज हंडाभर दूध असूनहि दहीं व्हावयाचें नाहीं. वाटी घेऊन शेजारणीच्या दारीं जावें लागतें. गोमांतकांतील पोदेर पूर्वीं माडाची सूर घालून पावाची कणीक फुगवीत. तेंहि जिवंत आंबवणच. इ. स. १८५७ मध्यें लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञानें दाखविलें कीं, आंबणें हें सूक्ष्म जिवंत जीवांचें काम आहे. जें जिवंत आहे त्यास खाऊं घालावें लागतें. खमिराच्या गोळ्यास कांहीं दिवस पीठ व पाणी न मिळालें, तर तो निस्तेज होतो. फार दिवस तसाच ठेविल्यास मरतोहि.

आतां पीठ किती, तें पाहा. तीन मापें! या मापाच्या वजनाविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. तरी कमींत कमी धरलें तरी तें दहाबारा किलोंच्या खालीं येत नाहीं, आणि कित्येक तर त्याच्या दुप्पट धरितात. एका लहान घराच्या संध्याकाळच्या जेवणास एवढें पीठ कोण मळतें? मम्रेच्या एलोन झाडांपाशीं तीन पाहुणे आले, तेव्हां साऱ्यानेंहि एवढेंच पीठ घेतलें होतें (उत्पत्ति १८:६). म्हणजे ही पंगतीची भाकर आहे. दारावर येणाऱ्यासाठींहि तींत वाटा आहे.

कोणी शिक्षक म्हणतात कीं, शास्त्रांत खमीर नेहमीं पापाचेंच चिन्ह असतें. मला तें पटत नाहीं. परूश्यांच्या खमिराविषयीं प्रभूनें सावध केलें, पौलानें जुनें खमीर काढून टाकण्यास सांगितलें, हें खरें. पण सप्ताहांच्या सणांत परमेश्वरापुढें ज्या दोन भाकरी ओवाळावयाच्या, त्या खमीर घालूनच भाजावयाच्या होत्या (लेवीय २३:१७). खमीर आपलें काम करितें, एवढेंच. तें कोणाच्या घरांतून आलें, यावर सर्व अवलंबून आहे. बापाचा संतापीपणा व दारूची संवय मुलांत कशी उतरते, हें कोणास शिकवावें लागत नाहीं. तेंहि असेंच गुपचूप पिठांत मिसळतें.

स्वित्झर्लंड देशांत वाले नांवाचा डोंगराळ प्रांत आहे. तेथें पूर्वीं कुटुंबें लहान, शेतें त्याहून लहान, आणि पीक बहुधा राय धान्याचें असे. पूर्वीं प्रत्येक घरीं भट्टी नसे. गांवाची एकच भट्टी, आणि वर्षांतून दोनतीनदां पाळीपाळीनें सर्व घरें आंबट खमिराची राय-भाकर तींत भाजून घेत. पहिल्या घरास साहजिकच थंड भट्टी तापवावी लागे व लांकूड अधिक जाळावें लागे. मागून येणाऱ्यांस तीच ऊब फुकट मिळे. भाकरी एकमेकींत मिसळूं नयेत म्हणून घरोघरचा लांकडी ठसा असे. ही भाकर महिनोंमहिने टिके व दगडासारखी कठीण होई. २००४ सालीं तिच्या नांवास कायद्याचें संरक्षण मिळालें.

याच प्रांतांत टोर्बेल नांवाचें गांव आहे. तेथें जमिनीच्या वाटण्या मुलगे व मुली यांच्यांत सारख्या होत. त्यामुळें शेताचे तुकडे पडत गेले, आपल्याकडे पडतात तसेच. पण १५१७ सालीं त्या गांवानें नियम केला कीं, हिवाळ्यांत आपल्या चाऱ्यावर जितक्या गाई पोसतां येतील, त्याहून अधिक गाई कोणी सामाईक कुरणावर नेऊं नयेत. शेत वांटलें गेलें, परंतु भट्टी व कुरण मोडलें नाहीं.

आमच्या मंडळ्यांत मात्र कित्येकदां शेताआधीं चूल मोडते. दोन भावांच्या शेतांमध्यें हातभर बांध. त्यासाठीं कचेरीच्या फेऱ्या होतात, आणि मग सायंकाळच्या प्रार्थनेस एकत्र बसणें बंद होतें. बांधाचा निकाल लागतो. प्रार्थना पुनः सुरू होत नाहीं. मला या हानीचें अधिक दुःख आहे, कारण कर्ज फिटूं शकतें, पण मरून गेलेला गोळा दुसऱ्याच्या घरून मागून आणावा लागतो. पुढें मुलें पुण्यामुंबईस नोकरीस जातात, तेव्हां आई शिदोरी बांधून देते. तींत गोळा कोठून घालणार?

भाकर भाजणारी शहाणी बाई सर्व कणीक भट्टींत घालीत नाहीं. मीठ घालण्यापूर्वींच ती मूठभर गोळा बाजूस काढून ठेविते. भुकेल्या दिवसांत त्या मुठीकडे सर्वांचे डोळे लागतात, तरी ती हात लावूं देत नाहीं. हंगामाच्या धांदलींत, सर्व दिवस शेतांत गेल्यावर, घरांतील पंधरा मिनिटांची प्रार्थना ही तशीच मूठ आहे. ती बहुतेक घरीं आईच राखिते, आणि तिचें नांव मंडळीच्या अहवालांत येत नाहीं. दृष्टांतांतहि त्या स्त्रीचें नांव नाहीं.

उपदेशक बंधूंस एक विनंति. हा भाग वाचण्याच्या रविवारीं प्रथम आपण बोलूं नका. गांवांतील एखाद्या वडीलधाऱ्या बाईस उभें राहण्यास सांगा, आणि ती विरजण कसें लाविते, थंडीच्या दिवसांत भांडें कोठें ठेविते, विरजण संपलें तर कोणाकडे जाते, हें तिच्याच तोंडून मंडळीस ऐकूं द्या. ज्या दोन घरांचें बोलणें बंद आहे, त्यांतील बायका अजून एकमेकींकडे वाटी पाठवितात काय, हेंहि हळूच विचारावें. पाठवीत असल्या, तर समेटासाठीं त्या घरीं जावयाचा रस्ता तोच.