जलाशयातील ऋतुवास

यवतमाळ जिल्ह्याला निसर्गाने नद्या दिल्या, पण मोठे सरोवर दिले नाही. पूर्वोत्तर सीमेवरून वर्धा आणि दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते. मधल्या पठाराचे पाणी अडाण, अरुणावती, पूस, वाघाडी, बेंबळा या लहानमोठ्या नद्या या दोघींच्या स्वाधीन करतात आणि वणी तालुक्यातील जुगाद येथे पैनगंगाही वर्धेत मिळून जाते. वाहून जाणे हाच इथल्या पाण्याचा पिढ्यानपिढ्यांचा स्वभाव होता. तो बदलला तो धरणांनी. पूस, अरुणावती, बेंबळा आणि या सर्वांहून विशाल असे पैनगंगेवरील इसापूर धरण उभे राहिले आणि ज्या प्रदेशात आषाढातला पूर चैत्रापर्यंत आठवणीपुरताच उरत असे, त्या प्रदेशात क्षितिजापर्यंत पसरलेले गोडे पाणी प्रथमच दिसू लागले. या पाण्यात पूर्वीच्या टेकड्यांचे जे माथे बुडावयाचे राहिले ती आमची बेटे. अशा बेटावर चार दिवस राहावे, एखाद्या झोपडीच्या सावलीत बसून पाण्याकडे पाहावे, ही इच्छा अलीकडे पुष्कळांच्या मनात उत्पन्न होऊ लागली आहे. मला ती इच्छा आदरणीय वाटते. आणि म्हणूनच ती कोणत्या मार्गाने तृप्त व्हावी याचा विचार करणे अगत्याचे वाटते.

या बेटांचा पहिला विशेष असा की ती बारमाही नाहीत. भाद्रपदात जलाशय तुडुंब भरला म्हणजे टेकडीचा केवळ माथा, त्यावरील चारदोन पळस आणि थोडे काळे खडक एवढेच पाण्याबाहेर राहते. रब्बीच्या पाळ्या सुटू लागल्या की पाणी हळूहळू खाली सरकते, बेट रुंदावत जाते, आणि वैशाखाच्या उन्हात कालव्याने नेलेले व सूर्याने शोषलेले पाणी वजा होता होता, एके दिवशी मागची खिंड उघडी पडून बेट पुन्हा साधी टेकडी होऊन बसते. अशा टेकडीचा उतार मार्च-एप्रिलमध्ये जवळून पाहावा. पाणी जिथे जिथे काही दिवस थबकले तिथे तिथे उताराच्या मातीत एकेक पायरीसारखी बारीक कोर पडलेली असते. वरच्या कोरींवर गवत वाळून पिवळे झालेले, मधल्यांवर शिंपल्यांचा चुरा आणि काडीकचरा साचलेला, अगदी खालच्या कोरीची माती अजून ओली आणि तिच्यात बगळ्यांच्या पायांचे ठसे उमटलेले. कालवा निरीक्षकाच्या वहीत पाण्याच्या पातळीची जी नोंद असते तीच तिथे मातीने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेली असते. ज्या वर्षी पाऊस दगा देतो आणि धरण भरतच नाही, त्या वर्षी वरच्या कोरी उमटतच नाहीत. आणि अशी वर्षे या प्रांतात दुर्मिळ नाहीत.

बेटावरील विश्रांतीचे युरोपातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण रूसोचे आहे. १७६५ च्या सप्टेंबरात मोतिए गावी घरावर दगडफेक झाल्यामुळे निराश्रित झालेला हा तत्त्वज्ञ स्वित्झर्लंडमधील बील सरोवरातल्या सेंट पीटर नावाच्या बेटावर गेला आणि तिथल्या एकमेव घरात, कारभाऱ्याच्या कुटुंबासमवेत सुमारे सहा आठवडे राहिला. पुस्तकांच्या पेट्या त्याने उघडल्याच नाहीत. तो वनस्पती गोळा करी, फळे उतरविण्यास मदत करी, आणि दुपारी नाव सरोवराच्या मध्यभागी नेऊन, तिच्यात उताणा पडून, ती वाहील तिकडे तिला वाहू देई. शेजारच्या लहान बेटावर सशांची वसाहत स्थापन करण्यासाठी कारभाऱ्याच्या घरच्या मंडळींसह तो समारंभाने गेला होता, आणि तो दिवस त्याला सणासारखा वाटला. आयुष्यातील अत्यंत सुखाचा काळ म्हणून वृद्धपणी त्याने या दिवसांचे स्मरण केले आहे. पण बर्नच्या सरकारने हद्दपारीचा हुकूम काढला आणि ते सुख संपले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्विस अभियंत्यांनी सरोवराची पातळी खाली आणली तेव्हा मधली बुडालेली जमीन वर आली आणि रूसोचे बेट किनाऱ्याला जोडले गेले. तिथे माणसाने पाणी उतरवून बेट नाहीसे केले. इथे माणसाने पाणी चढवून बेटे निर्माण केली. ही दोन्ही उदाहरणे एकत्र ठेवली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते की बेटावरचा एकांत ही निसर्गाची निखळ देणगी आहे असे आपण समजतो, पण पुष्कळदा त्या एकांताच्या मुळाशी कुणाचा तरी हुकूम, कुणाचा तरी आराखडा आणि कुणाचे तरी विस्थापन असते.

आपल्या परंपरेला एकांत अपरिचित नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाला योग्य अशा स्थळाचे जे वर्णन आले आहे, त्यात निर्मळ पाणी आहे, दाट सावली आहे, पाखरे आहेत, आणि ते स्थळ इतके रम्य आहे की विलासी पुरुषालाही राज्य टाकून तिथेच निवांत राहावेसे वाटावे. परंतु ज्ञानदेवांच्या दृष्टीची सूक्ष्मता पुढेच आहे: ते स्थळ ओसाड नाही. तिथे साधक वसतात. वर्दळ तेवढी नाही. एकांत आणि निर्मनुष्यता यांची गल्लत त्यांनी होऊ दिली नाही. गोदावरीच्या पात्रातील सराला बेटाकडे पाहिले तरी हेच दिसते. गंगागिरी महाराजांच्या मठामुळे ते बेट प्रसिद्ध झाले आणि त्यांच्या परंपरेतला हरिनाम सप्ताह हा महाराष्ट्रातील अतिविशाल मेळ्यांपैकी एक झाला. महाराष्ट्राने नदीतले बेट निवडले तरी त्यावर पंगत मांडली, लोकांना बोलाविले.

आता एक आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या जिल्ह्याचे नाव कापसाबरोबरच शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर माहीत झाले, त्या जिल्ह्यात बेटावरच्या झोपडीची आणि करमणुकीची भाषा शोभते काय? या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला आहे, आणि माझा निर्णय असा की ती शोभते, एवढेच नव्हे तर तिची गरज आहे. मात्र विश्रांती कुणाची, हे आधी विचारले पाहिजे. कोरडवाहू कापसाच्या शेतीत माणूस जूनपासून फेब्रुवारीपर्यंत पेरणी, डवरणी, निंदण, फवारणी, वेचणी यांच्या चक्राला बांधलेला असतो, आणि उरलेल्या महिन्यांत काम नसते पण विसावाही नसतो, कारण रिकामेपण आणि विश्रांती या दोन अगदी भिन्न अवस्था आहेत. रिकाम्या माणसाला कर्जाचा आकडा दिवसभर दिसत राहतो. विश्रांत माणसाला काही वेळ तरी दुसरे काही दिसते. दुःखी प्रदेशाला विश्रांतीचा अधिकार नाही असे म्हणणे म्हणजे त्याचे दुःख हीच त्याची एकमेव ओळख ठरविणे होय, आणि मला ते कदापि मान्य नाही.

तेव्हा खरा प्रश्न यजमानाचा आहे. इसापूरचे धरण १९८२ मध्ये पूर्ण झाले. त्याची भिंत चार किलोमीटरांहून अधिक लांब आहे आणि त्याच्या पाण्यावर नांदेड, हिंगोली व यवतमाळ या जिल्ह्यांतील शेती अवलंबून आहे. खालच्या शिवारांना पाणी मिळाले ते वरची शिवारे पाण्याखाली गेल्यामुळे. प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा कायदा करण्यात महाराष्ट्राने १९७६ साली देशात पुढाकार घेतला हे भूषणावह आहे. पण कायदा जमिनीच्या बदल्यात जमीन देऊ शकतो, पाणवठ्याच्या बदल्यात पाणवठा आणि शेजाराच्या बदल्यात शेजार देऊ शकत नाही. जलाशयाच्या काठी जुनी गाडीवाट जिथे सरळ पाण्यात शिरते तिथे उभे राहिले म्हणजे हे पुस्तकाशिवाय कळते. वाटेच्या दोन्ही बाजूंचे धुरे काही अंतरापर्यंत पाण्याखाली दिसत राहतात आणि मग पाणी गढूळ होते.

या जमिनीशी मूळ मालकांचे नाते पूर्ण तुटलेले नाही, आणि याचे श्रेय एका जुन्या महसुली व्यवस्थेला आहे. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळाची जमीन, जिला सगळे गाळपेर म्हणतात, ती त्या हंगामापुरती भाडेपट्ट्याने कसण्यास दिली जाते आणि तीत प्रकल्पबाधितांना अग्रक्रम असतो. ज्याचे वावर सरकारने संपादन केले, तोच माणूस पाणी मागे सरले की त्याच मातीत पुन्हा नांगर घालतो, आणि पाऊस येण्यापूर्वी पीक काढून मागे फिरतो. त्याच्या जोडीला भोई समाजाचे मच्छीमार आहेत. त्यांच्या सहकारी संस्था जलाशयाचा ठेका घेतात, कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडतात. नाव परवडत नाही तो थर्माकोलच्या तराफ्यावर मांडी घालून, हातातल्या लहानशा फळीने पाणी सारीत पहाटे जाळी काढावयास जातो. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा उठतो, वळवाचे ढग कोणत्याही क्षणी येतात, म्हणून काय ओलांडावयाचे ते सकाळी ओलांडावे हे जलाशयाच्या प्रवाशाला त्याच्याइतके कुणी समजावून सांगू शकणार नाही. बेट कुणाचे, असे मला विचारले तर मी या दोघांकडे बोट दाखवीन. बेटावर राहावयास जाणारा नागरिक त्यांचा पाहुणा म्हणून जावा. कुण्या दूरच्या कंत्राटदाराचा ग्राहक म्हणून नव्हे.

एकदा हे मान्य केले की घराचे स्वरूपही आपोआप ठरते. जे बेट आठ महिने बेट आणि चार महिने टेकडी असते त्यावर सिमेंटचा बंगला उभारणे हे त्या भूमीचा स्वभाव न ओळखण्याचे लक्षण होय. पाणी चढले की पाया धसणार आणि पाणी उतरले की तो बंगला चिखलाच्या विस्तीर्ण पट्ट्याच्या माथ्यावर अनाथासारखा उभा राहणार. शिवाय उन्हाळ्यात हे उघडे माळ माणसाला ओस वाटले तरी ते ओस नसतात. नदीसुरय आणि टिटवीसारखे पक्षी अशाच उघड्या खडकाळ जमिनीवर, घरटे म्हणावे असे काही न बांधता, नुसत्या उथळ खळग्यात अंडी घालतात, आणि सभोवतालचे पाणी हेच त्या अंड्यांचे कुंपण असते. कोल्ह्याकुत्र्यांना जे पाणी अडविते ते नौकेला अडवीत नाही. इसापूरच्या जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला आहे, हे योग्यच झाले. तिथल्या बेटांवर मुक्कामाचा विचारही करू नये, काठावरून दुर्बिणीने पाहून समाधान मानावे. इतर जलाशयांवरही विणीच्या महिन्यांत, म्हणजे फाल्गुनानंतर, बेटे पक्ष्यांच्या हवाली करून माणसाने माघारी यावे.

सुदैवाने, हंगामापुरते घर कसे बांधावे हे या जिल्ह्याला कुणी शिकवावयास नको. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक राखण्यासाठी इथला शेतकरी पिढ्यानपिढ्या वावरात जागलीला जातो. चार बल्ल्यांवर मचाण, त्यावर गवताचे छप्पर, वाऱ्याच्या बाजूला पऱ्हाट्यांचा किंवा तुराट्यांचा कुड, खाली शेकोटी. एका दिवसात ते उभे राहते, हंगाम संपताच मोडले जाते, बल्ल्या पुढच्या वर्षासाठी गोठ्यात जातात आणि कुडाचे सरपण होते. फिनलंडमध्ये तळ्यांच्या आणि बेटांच्या काठी पाच लाखांहून अधिक उन्हाळी झोपड्या आहेत. त्यांतल्या कित्येक साध्या लाकडी खोल्या असून सरपण फोडणे, विहिरीचे पाणी काढणे हीच तिथली करमणूक मानली जाते. त्या लोकांनी आपल्या शेतकरी पूर्वजांच्या राहणीतून विश्रांतीची एक रीत निर्माण केली. जागलीच्या मचाणातून आपणही ती निर्माण करू शकू, असे मला मनःपूर्वक वाटते. जागल ही सक्तीची झोपमोड आहे हे खरे; पण जागलीला गेलेल्या माणसाला रात्रीचे आकाश, पाखरांचे वेळापत्रक आणि वाऱ्याची दिशा यांचे जे ज्ञान असते ते कोणत्याही विश्रामगृहात उतरणाऱ्याला नसते.

अशा झोपडीत दिवस कसा जावा? सकाळी यजमानाबरोबर जाळी काढण्यास जावे आणि हाताला वल्ह्याचे घट्टे पडू द्यावेत. उन्हे चढली की सावलीत पडून राहावे. वाचावयास एखादे पुस्तक न्यावे, मात्र ते वाचलेच पाहिजे असे बंधन स्वतःवर घालू नये. हिवाळ्यात चक्रवाकांच्या जोड्या उतरतात, त्यांची हाक पाण्यावरून फार दूर पोचते. काठाकाठाने पोहावे, पण बुडालेल्या झाडांची खोडे पाण्याखाली कुठे उभी आहेत हे मच्छीमाराला विचारल्यावाचून पाण्यात उतरू नये. संध्याकाळी गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत रोडगे भाजावेत. वऱ्हाडातल्या वनभोजनाला रोडगे आणि वांग्याची भाजी यांवाचून पूर्णता येत नाही, आणि भाजण्याच्या त्या तासाभरात जी गप्पांची बैठक जमते तीच खरी मेजवानी असते. बेटावर दुकान नसते, म्हणून नेलेल्या मिठाचा आणि पिठाचा हिशेब ठेवावा लागतो. हा हिशेब कर्जाच्या हिशेबासारखा माणसाला खात नाही, कारण त्याचे दोन्ही टोकांचे आकडे डोळ्यांसमोर असतात. बेटाच्या सुखाचे मर्म मला या दृश्य मर्यादेत दिसते: जमीन कुठे संपते ते दिसते, सामान किती उरले ते दिसते, दिवस किती उरला तेही दिसते.

आणि यजमानाच्या घरच्या माणसांनाही या चार दिवसांत वाटा असावा. मचाण बांधण्याची मजुरी, नावेचे भाडे आणि मुक्कामाचा आकार मच्छीमार संस्थेने आणि गाळपेर कसणाऱ्यांनी मिळून ठरवावा. परवानगीचा कागद पाटबंधारे खात्याकडून अथवा तहसील कचेरीतून त्यांच्याच नावे निघावा. आणि दर हंगामात एक आठवडा बेट पाहुण्यांना बंद ठेवून बुडीत गावांच्या माणसांसाठी राखावे, म्हणजे पुनर्वसित वसाहतीतल्या लेकीसुनांना, म्हाताऱ्यांना आणि मुलांना नावेत बसवून तिथे नेता येईल, जुने शिवार कुठल्या बाजूला होते ते बोट करून दाखविता येईल, आणि दुपारी त्यांनाही त्या सावलीत काही न करता पडून राहता येईल.